वजाबाकी विसरू नका!

बालदोस्तांनो, आज तुम्हांला एक गणित घालणार आहे. एका गावात भलंमोठं दुकान उघडलं. त्यात ३०० माणसांना काम मिळालं. तर गावातल्या नोकऱ्या कितीनं वाढल्या?

"तीनशेनं!" असंच म्हणालात ना? थांबा! गावातल्या बाकीच्या दुकानांचं काय झालं, हे तुम्ही विचारलंच नाही.

हे गणित अमेरिकेत खरोखरच घडलंय, बरं का! १९६२ साली सॅम वॉल्टन यांनी आर्कान्सा राज्यातल्या रॉजर्स या लहानशा गावात 'वॉलमार्ट'चं पहिलं दुकान काढलं. माल थेट कारखान्यातून ढिगानं घ्यायचा, आपल्याच गोदामांतून आपल्याच ट्रकांनी आणायचा आणि थोड्या नफ्यावर विकायचा, अशी त्यांची रीत बनली. गिऱ्हाइकांची चंगळ झाली! पुढे देशभर अशी हजारो दुकानं निघाली. जुन्या दुकानदारांना मात्र तो भाव परवडेना. कुणी नोकर कमी केले, कुणी दुकानाला कुलूप लावलं. घाऊक व्यापाऱ्यांचंही काम घटलं.

मग हिशेब काय झाला? एमेक बास्कर या अर्थतज्ज्ञ बाईंनी २००५ साली सांगितलं, की वॉलमार्ट आलं की त्या भागातल्या दुकानांमधल्या नोकऱ्या पहिल्या वर्षी सुमारे १०० नं वाढतात. पण पाच वर्षांत त्यातल्या निम्म्या नाहीशा होतात. २००८ साली डेव्हिड न्यूमार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं उत्तर वेगळंच आलं. वॉलमार्टमध्ये १० जण कामाला लागले, की दुकानांतल्या सुमारे १४ जणांचं काम जातं!

एवढी विद्वान माणसं, तरी उत्तरं वेगळी कशी? अहो, मोठी दुकानं पुष्कळदा वाढत्या गावांतच निघतात. मग नोकऱ्या दुकानामुळे वाढल्या, की गाव वाढतच होतं म्हणून? हे निवडून काढणं महाकठीण! पण एक लक्षात आलं का? नुसती पाटीवरची बेरीज कुणीच उत्तर म्हणून दिली नाही.

अमेरिकेचे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे चालणार नाहीत. आपल्या कोपऱ्यावरचा किराणा म्हणजे सगळ्या घराचा उद्योग. काका जेवायला गेले, की काकू गल्ल्यावर बसतात. त्यांचं नाव कुठल्या हजेरीपटावर असतं?

तेव्हा या रविवारी एक काम करा. वही घ्या आणि कोपऱ्यावरच्या दुकानावर किती जणांचं पोट चालतं ते लिहा. पोती उतरवणारा हमाल आणि घरपोच सामान देणारा दादा विसरू नका. मग जवळच्या मोठ्या दुकानातले बिल करणारे, फळ्यांवर माल लावणारे, रखवालदार मोजा. आणि हो, स्वस्त सामानामुळे वाचलेले पैसे घरात कशावर खर्च होतात, तेही आईबाबांना विचारा. ते पैसे शिंप्याकडे गेले, तर त्याचंही काम वाढलं की!

बेरीज झाली, वजाबाकी झाली. आता सांगा पाहू, उत्तर किती?