बुलढाण्याला विमानतळ हवं की विमान?

मी मूळचा मलकापूरचा, नोकरी पुण्यात. दिवाळीत रेल्वेचं तिकीट मिळालं नाही की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मागणी फिरते, 'बुलढाणा जिल्ह्यालाही एअरपोर्ट पाहिजे!' मागणी चुकीची नाही. पण आधी शेजारच्या जळगावला काय झालं ते बघू.

जळगाव विमानतळाचं उद्घाटन २३ मार्च २०१२ ला तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झालं. १७०० मीटरची धावपट्टी तयार होती. तरी नियमित प्रवासी विमान यायला डिसेंबर २०१७ उजाडला! एअर डेक्कनची ती सेवा टिकली नाही. २०१९ मध्ये ट्रूजेट आली, तीही थांबली. २०२४ मध्ये फ्लाय९१ ने नव्याने सुरुवात केली.

असं का होतं? सर्व्हर विकत घेतला म्हणजे ॲप चालू झालं असं नसतं, तसंच हे आहे. यात दोन गोष्टी बघायच्या.

धावपट्टी: १७०० मीटरवर साधारण ७० सीटचं एटीआर आरामात उतरतं. पूर्ण भरलेल्या एअरबस ए३२० ला मात्र साधारण २००० मीटर किंवा त्याहून जास्त लांबी लागते. म्हणजे मोठ्या कंपन्यांची मोठी विमानं इथे येऊच शकत नाहीत. पर्याय उरतो तो छोट्या विमानांचा.

पैसा: 'उडान' योजनेत काही सीटचं भाडं मर्यादित ठेवतात आणि कंपनीचा तोटा सरकार भरून देतं, पण साधारण तीनच वर्षं. त्यानंतर सीट भरल्या नाहीत तर कंपनी निघून जाते. इमारत तिथेच राहते.

आता आपला नकाशा बघा. पश्चिमेला जळगाव, दक्षिणेकडे छत्रपती संभाजीनगर, पूर्वेला अमरावती, जिथे एप्रिल २०२५ मध्ये मुंबईचं विमान सुरू झालं. प्रवासी आधीच तिकडे वाटले गेलेत. चौथ्या ठिकाणी सीट भरणार कोण?

म्हणून मला वाटतं, आपली पहिली मागणी वेगळी हवी: मलकापूर आणि बुलढाण्याहून जळगाव विमानतळापर्यंत, विमानाच्या वेळेला जुळणारी एसटी. धावपट्टीच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. शिवाय आपल्या प्रवाशांमुळे जळगावचं विमान टिकलं, तर फायदा दोन्ही जिल्ह्यांचा.

ग्रुपवर पुढचा मेसेज फॉरवर्ड करताना हेही जोडा.