एकाच वहीत दोन्ही गोळ्या

रावेरहून रक्तदाबाच्या उपचारासाठी भुसावळ किंवा जळगाव गाठावे, मनाच्या आजारासाठी मात्र ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून दूरचे शहर निवडावे, असा विचार करणारी घरे आजही आहेत. मुलामुलींच्या सोयरिकी जमायच्या असतात. म्हणून एका डॉक्टरची चिठ्ठी दुसऱ्यापुढे येत नाही. ही लोकलज्जा समजण्याजोगी आहे; परंतु दोन्ही गोळ्या अखेर एकाच रक्तात मिसळतात.

शरीरातील पेशींच्या आवरणांत वाहक प्रथिने असतात. बाजार समितीतील हमालांप्रमाणे ती एकेक पदार्थ उचलून आत किंवा बाहेर नेतात. उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या विकारावर दिले जाणारे लिथियम हा एक साधा क्षार आहे. ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी १९४९ मध्ये त्याचा गुण जगापुढे मांडला. मूत्रपिंडाच्या नलिकांत मिठातील सोडियम रक्तात परत आणणारी प्रथिने लिथियमलाही सोडियमच समजतात आणि त्याचा मोठा हिस्सा परत आणतात.

आता रक्तदाबाची गोळी पाहावी. हायड्रोक्लोरोथायाझाइड हे औषध नलिकेच्या पुढल्या टप्प्यावरील असेच एक प्रथिन अडवते, त्यामुळे मीठ लघवीवाटे निघून जाते. ही तूट भरून काढण्यासाठी मूत्रपिंड आधीच्या टप्प्यावर सोडियम अधिक जोमाने परत घेते आणि त्यासोबत लिथियमही. काही दिवसांत रक्तातील त्याचे प्रमाण पाव हिश्श्याहून अधिक वाढू शकते. हे प्रमाण साधारणतः ०.६ ते १.० ठेवले जाते, १.५ च्या वर विषबाधेचा धोका असतो. हात जोराने थरथरणे, उलट्या-जुलाब, तोल जाणे, बोलणे अडखळणे, गुंगी येणे ही तिची लक्षणे होत. घरच्यांना ते वयाचे किंवा उन्हाचे परिणाम वाटतात, ही खरी अडचण. टेल्मिसार्टन, रामिप्रिल आणि गुडघेदुखीवर दुकानातून सहज आणलेली आयब्युप्रोफेन यांनीही लिथियम वाढू शकते. टेल्मिसार्टन व हायड्रोक्लोरोथायाझाइड तर पुष्कळदा एकाच गोळीत असतात.

गोळी न बदलताही हेच घडू शकते. रावेरच्या वैशाखात केळीच्या बागेत दिवसभर घाम गाळला, किंवा पर्युषणात चौविहार उपवास केला, तरी पाणी व मीठ घटते. लिथियम घेणाऱ्याने पच्चक्खाण घेण्यापूर्वी मानसोपचारतज्ज्ञांना विचारावे. आणि उपवासासाठी ते परस्पर बंदही करू नये, कारण आजार उलटतो.

काही औषधांत उलटा प्रकार होतो. टोरांटोच्या ज्युलियानो व लिंग यांनी १९७६ मध्ये वर्णिलेले पी-ग्लायकोप्रोटीन अनेक औषधांना पेशीबाहेर ढकलते. मेंदूच्या रक्तवाहिन्यांत, आतड्यांत व मूत्रपिंडातही त्याचा पहारा असतो. फेफऱ्यावरील कार्बामाझेपिन हा पहारा वाढवते. त्याच्या जोडीने पॅलिपेरिडोन हे मनोविकारावरील औषध घेतल्यास त्याचे रक्तातील प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक घटते, आणि दोष मात्र रुग्णाच्या स्वभावाला दिला जातो.

सर्व गोळ्यांची नावे व मात्रा एका चिठ्ठीवर लिहून ती दोन्ही डॉक्टरांना दाखवावी. डॉक्टर गोपनीयता पाळण्यास बांधील असतात. रक्तदाबाची गोळी नव्याने सुरू झाल्यास लिथियमची रक्ततपासणी कधी करायची, ते त्याच वेळी ठरवून घ्यावे. नमुना शेवटच्या मात्रेनंतर बारा तासांनी देतात. त्या दिवशी सकाळची गोळी तपासणीनंतर घ्यायची असते.