कॅमेऱ्यामागचा माणूस

आमच्या घरी तीन जाडजूड अल्बम आहेत. लग्ने, बारशी, दिवाळीचे वहीपूजन, पेढीच्या नव्या जागेचा मुहूर्त, सारे त्यांत आहे. नाहीत ते फक्त थोरले काका. कारण ही छायाचित्रे त्यांनीच काढलेली. “काका, आता तुम्ही उभे राहा,” असे कोणी म्हटले, की “माझे काय काढायचे?” असे हसत ते बाजूला होत. त्यांच्या निधनानंतर भिंतीवरील तसबिरीसाठी शोधाशोध झाली आणि अखेरीस वाहन परवान्यावरचे इवलेसे छायाचित्र मोठे करून घ्यावे लागले. त्यात काका आहेत. त्यांचे हसू नाही.

हा संकोच थोरामोठ्यांनाही चुकलेला नाही. फ्रान्सचे विख्यात छायाचित्रकार आन्री कार्तिये-ब्रेसाँ यांनी १९४८ च्या जानेवारीत गांधीजींच्या अखेरच्या दिवसांची आणि अंत्ययात्रेची चित्रे टिपली. आपला कॅमेरा कोणाच्या नजरेत भरू नये म्हणून त्याच्या चकाकत्या भागांवर ते काळी पट्टी लावीत. मात्र १९७५ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली, तेव्हा आपले छायाचित्र निघू नये म्हणून त्यांनी हातातला कागद चेहऱ्यापुढे धरला! चेहरा ओळखीचा झाला, तर रस्त्यावर कोणाच्या लक्षात न येता काम कसे करावे, ही त्यांची अडचण होती.

काकांना तशी अडचण नव्हती. परंतु मिटलेली पापणी, अवघडलेली मान, उसने हसू भिंगातून कसे दिसते, हे त्यांना पुरते ठाऊक होते. इतरांच्या दहा चित्रांतून ते उत्तम तेवढे निवडीत; त्यांच्यासाठी ती निवड कोण करणार? आयुष्यभर माल पारखणारा स्वतःची पारख होताना अवघडतो, तसेच हे.

विनय हा गुण खराच. पण त्याची उणीव मागे राहणाऱ्यांना सोसावी लागते. म्हणून वाचकहो, येत्या समारंभात घरातल्या छायाचित्रकाराच्या हातून क्षणभर कॅमेरा मागून घ्या. त्याला उभे करून “हसा” म्हणू नका. नातवंडांशी बोलण्यात तो गुंतला असताना हळूच टिपा. चित्र थोडे हलले तरी चालेल. आमच्या भिंतीवर तसे एकही नाही.