सावळेपणा हा रोग नव्हे

कलघटगीचा पाळणा रंगासाठी प्रसिद्ध आहे. परंतु बाळाला निजविण्यापूर्वी आई त्याच्या कड्या ओढून पाहतेच. रूप खुलविणाऱ्या दवाखान्यांविषयी हीच दक्षता आपण का बाळगीत नाही?

अकोल्यातील एक विद्यार्थिनी, तिची आई व बहीण सौंदर्यतज्ज्ञाकडून घेतलेले गोरेपणाचे मलम लावीत. तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार जडला. त्या मलमात पारा असल्याचे २०२३ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या तपासातून उघड झाले. पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून वर्ण उजळतो. पण तोच रक्तात शिरून मूत्रपिंडे नासवितो.

नियम नाहीत असे नव्हे. २०२० च्या नियमांनुसार चेहऱ्याच्या मलमात नकळत आलेला पाराही दशलक्ष भागांत एका भागाहून अधिक चालत नाही. कर्नाटकात २००७ च्या कायद्याने खाजगी दवाखान्यांस नोंदणी सक्तीची आहे. परंतु तपासनीस फिरकलाच नाही, तर नियम कागदावरच राहतो. आमच्या मते तपासणी तक्रारीनंतर नव्हे, आधी आणि अवचित व्हावी. तिचा निष्कर्ष दारावर लागावा.

आणि विद्यार्थिमित्रहो, आपण नोंदणीपत्र पाहावे, उत्पादकाचे नाव नसलेली डबी परतवावी. आपला विठोबाही सावळाच आहे. त्याला कोणी उजळावयास गेले नाही!