इंजेक्शनचं दूध आणि हार्मोनची भीती: खरं किती, खोटं किती?

"गाईला इंजेक्शन देऊन काढलेलं दूध पाजू नका, मुली लवकर वयात येतात." असा मेसेज कधी ना कधी प्रत्येकाच्या व्हॉट्सॲपवर येऊन गेलेला असतो. पिंपरी-चिंचवडमधल्या आई-वडिलांना तो घाबरवतो. चाकणच्या कारखान्यांपलीकडे खेड, मावळ, आंबेगावच्या गोठ्यांत गाई सांभाळणाऱ्यांवर त्यामुळे संशय येतो. मग यात तथ्य किती?

इंजेक्शन नेमकं कशाचं?

ऑक्सिटोसिनचं. वासरू कासेला तोंड लावतं तेव्हा हेच हार्मोन गाईच्या मेंदूतून रक्तात उतरतं आणि ती पान्हा सोडते. म्हणजे ऑक्सिटोसिन नवं दूध तयार करत नाही, कासेत आधीच साठलेलं दूध सडांकडे ढकलतं.

वासरू दगावलं किंवा गाय बिथरली की ती दूध चोरते. शेवटच्या धारांत फॅट सर्वांत जास्त असतं. त्यामुळे चोरलेल्या दुधासोबत लिटरही जातात आणि फॅटही. काहीजण सुई हातात घेतात ते इथे.

पण दूध वाढवण्यासाठी गाईला असं इंजेक्शन देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 12 नुसार गुन्हा आहे. 2018 मध्ये केंद्र सरकारने खासगी कंपन्यांना देशात विक्रीसाठी ऑक्सिटोसिन बनवायला मनाई केली. मात्र बाळंतपणातला रक्तस्राव थांबवण्यासाठी हे औषध जीव वाचवतं. ते मिळेनासं होण्याचा धोका असल्याने दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी 14 डिसेंबरला ती मनाई रद्द केली. गाईवरच्या गैरवापराला परवानगी मात्र तेव्हाही मिळाली नाही.

मग मुली लवकर वयात येतात का?

या दाव्याला आधार नाही. ऑक्सिटोसिन हे लैंगिक हार्मोन नाही, ते प्रथिनासारखं छोटं रसायन आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अभ्यासात दिसलं, की दूध उकळल्यावर ते टिकतं, पण आतड्यातल्या पचनात झपाट्याने मोडतं. खरा त्रास गाईला होतो. तिला रोज सुई टोचली जाते, सवय लागते आणि ती दूध का चोरते हे शोधायचं राहून जातं.

म्हणजे दुधात हार्मोन नसतातच?

असतात, आणि इंजेक्शन न देताही असतात. गाय देशी असो वा संकरित, दूध देत असतानाच ती पुन्हा गाभण राहते. त्यामुळे प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन दुधात उतरतात. प्रोजेस्टेरॉन फॅटमध्ये विरघळतं, म्हणून साय काढलेल्या दुधात ते बरंच कमी असतं.

पण प्रमाण बघा. गाभण गाईच्या पाव लिटर दुधात प्रोजेस्टेरॉन साधारण 2 ते 3 मायक्रोग्रॅम भरतं. पाळीच्या उत्तरार्धात स्त्रीचं शरीर स्वतःच दिवसाला सुमारे 25 मिलिग्रॅम तयार करतं, म्हणजे जवळपास दहा हजार पट. शिवाय पोटातून गेलेलं बहुतेक प्रोजेस्टेरॉन यकृतातच मोडतं.

शेतकऱ्यासाठी मात्र हीच माहिती मोलाची

गाय साधारण 21 दिवसांनी माजावर येते. रेतनानंतर 21 ते 24 दिवसांनी दुधातलं प्रोजेस्टेरॉन घसरलेलं असेल, तर ती गाभण नाही हे जवळजवळ नक्की. चढलेलं असेल, तर गाभण असण्याची शक्यता जास्त. मुका माज असलेली गाय नजरेतून सुटते. एक माज हुकला की तीन आठवड्यांचा चारा-पेंड अंगावर पडतो आणि पुढचं वेत तेवढंच लांबतं. अशी गाय शेवटी लवकर भाकड होऊन बाजारात येते.

दुधाची घडणही बोलते. व्यायल्यावर गाय खाते त्याहून जास्त ऊर्जा दुधात घालवते, अंगावरची चरबी वितळवते. मग दुधात फॅट वाढतं, प्रोटीन घटतं. फॅट प्रोटीनच्या दीडपटीपुढे गेलं, तर गाय आतून उपाशी असल्याची ती खूण असते. अशी गाय माजावर उशिरा येते. गंमत म्हणजे संकलन केंद्रावर तिला "फॅट चांगलं लागलं" म्हणून दर मिळतो.

अडतं कुठे?

आपला दरच फॅट आणि एसएनएफवर ठरतो. 2023 मध्ये राज्य सरकारने गाईच्या दुधाला किमान 34 रुपये दर जाहीर केला, तोही 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफच्या दुधाला. दोन-चार गाईंचं दूध एकाच किटलीत ओतलं जातं, त्यामुळे कोणती गाय काय सांगतेय हे तिथेच हरवतं. डेन्मार्कमध्ये विकसित झालेली यंत्रणा गोठ्यातच गाईगणिक प्रोजेस्टेरॉन मोजते. छोट्या गोठ्याला ती परवडणारी नाही. पण प्रत्येक गाईचं दूध महिन्यातून एकदा वेगळं तपासणं आणि माजाची तारीख वहीत लिहिणं जमण्यासारखं आहे.

ग्राहकाने मग कशाची काळजी करावी?

अन्नसुरक्षा प्राधिकरण म्हणजे एफएसएसएआयने 2018 मध्ये देशभरातून दुधाचे 6,432 नमुने तपासले. त्यांपैकी 5.7 टक्के नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-1 मर्यादेपेक्षा जास्त निघालं. हे विष बुरशी लागलेल्या चाऱ्या-पेंडीतून दुधात येतं आणि उकळूनही जात नाही. 77 नमुन्यांत अँटिबायोटिक्सचे अंश मर्यादेपेक्षा जास्त होते.

म्हणून पुढच्या वेळी तो मेसेज आला, तर फॉरवर्ड करण्याऐवजी रतीब घालणाऱ्याला किंवा डेअरीला दोन प्रश्न विचारा: पेंड कोरड्या जागी ठेवता का, आणि औषध दिलेल्या गाईचं दूध किती दिवस वेगळं काढता?