बातमीत हवा ‘मध्यम’, मग मला दम का लागतो?

हिवाळा आला की मुंबई-पुण्याच्या बातम्यांत हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक रोज दिसू लागतो. आकडा ‘वाईट’ झाला की मोठा मथळा येतो, ‘मध्यम’ असला की आपण निर्धास्त होतो. तुमच्या घरात दमा किंवा सीओपीडीचा रुग्ण असेल, तर मात्र काळजी ‘मध्यम’पासूनच घ्यायला हवी.

‘मध्यम’ म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे २०१५ पासून हवेचे सहा वर्ग मानले जातात: चांगली (५० पर्यंत), समाधानकारक (५१ ते १००), मध्यम (१०१ ते २००), वाईट (२०१ ते ३००), अतिशय वाईट (३०१ ते ४००) आणि गंभीर (४०१ ते ५००). केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्णनातच असे म्हटले आहे की, ‘मध्यम’ हवेत दमा व फुप्फुसाचे आजार असणाऱ्यांना श्वासाचा त्रास होऊ शकतो. हृदयरोगी, लहान मुले आणि वृद्ध यांनाही अस्वस्थ वाटू शकते. म्हणजे ‘मध्यम’ हा शब्द निरोगी तरुण माणसाच्या दृष्टीने सौम्य आहे, तुमच्या रुग्णाच्या दृष्टीने नाही.

पीएम २.५ हे कण इतके बारीक असतात की ते फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोहोचतात. २४ तासांच्या सरासरीसाठी आपली राष्ट्रीय मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा १५ आहे. या कणांपुरते बोलायचे तर ६० ओलांडल्यावरच हवा ‘मध्यम’ ठरते.

शिवाय हा आकडा सरासरीचा असतो. तुमच्या गल्लीत पेटवलेला कचरा किंवा शेजारच्या बांधकामाची धूळ त्यात दिसेलच असे नाही. थंडीत वारा पडतो, गार हवा जमिनीलगत साचते आणि धूर वर जात नाही. म्हणून पहाटेची हवा ताजी वाटली तरी ती अनेकदा जास्त दूषित असते. फिरायला ऊन वर आल्यावर जा.

डॉक्टरांना काय सांगाल?

‘दम लागतो’ एवढे सांगून थांबू नका. पुढील तपशील निदानाला खूप मदत करतात.

- केव्हा लागतो? जिना चढताना, सपाट रस्त्यावर की कपडे बदलतानाही? पूर्वी किती चालत होता आणि आता किती?
- आवाज येतो का? श्वास सोडताना छातीत शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर श्वासनलिका आकुंचल्याची शक्यता असते.
- रात्री काय होते? पहाटे खोकल्याची ढास येऊन जाग येणे दम्यात नेहमी दिसते. आडवे झाल्यावर दम लागणे, उशा वाढवाव्या लागणे, पायांना सूज येणे ही लक्षणे असतील तर हृदयही तपासावे लागते.
- बेडका कसा आहे? रंग बदलला, प्रमाण वाढले किंवा रक्त दिसले, तर लगेच सांगा.

आणखी एक. ‘दमा’ हा शब्द नको म्हणून अनेक घरांत ‘ॲलर्जी’ किंवा ‘बाळदमा’ म्हटले जाते. शब्द सौम्य केला की उपचारही सैल पडतात आणि बरे वाटताच पंप बंद होतो. पंपाचे व्यसन लागत नाही. त्यातले औषध थेट श्वासनलिकेत जात असल्याने अगदी थोडी मात्रा पुरते. रोजचा पंप डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

हवा ‘मध्यम’ किंवा त्याहून वाईट असेल तेव्हा

- धावणे आणि दमवणारा व्यायाम घरात करा.
- तातडीचा पंप सोबत ठेवा. मुलाच्या शाळेलाही कल्पना द्या.
- बाहेर नीट बसणारा एन-९५ मास्क वापरा. साधा रुमाल हे कण अडवत नाही.
- घरात उदबत्ती, धूप, मच्छर कॉइल टाळा.

वाट पाहू नका

एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, श्वास घेताना बरगड्यांमधली जागा आत ओढली जात असेल किंवा पंप घेऊनही आराम पडत नसेल, तर महाराष्ट्रात १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. त्या वेळी बातमीतली हवा ‘समाधानकारक’ असली तरी थांबू नका.