पीयूसी पास, म्हणजे ट्रक स्वच्छ? बीएस-६ ट्रकच्या चाचणीतली मोठी फट

समजा, तुम्ही खंडाळ्याचा घाट चढताय आणि पुढे दोन ट्रक आहेत. एक जुना आहे, सायलेन्सरमधून काळा धूर ओकतोय. दुसरा नवा बीएस-६ आहे, धूर अजिबात दिसत नाही. तुम्ही म्हणाल, दुसरा स्वच्छ. बहुतेक वेळा ते खरंही असेल. पण त्या नव्या ट्रकची धूर साफ करणारी यंत्रणा कुणी मुद्दाम बंद करून ठेवली असेल, तर ते तुम्हाला बघून कळणार नाही. आणि पीयूसी सेंटरच्या मशीनलाही कळणार नाही.

हा प्रश्न फक्त गाड्यांची आवड असणाऱ्यांचा नाही. नीती आयोग आणि आरएमआय या संस्थेच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातल्या एकूण वाहनांत ट्रक फक्त ३ टक्के आहेत, पण वाहनांतून निघणाऱ्या सूक्ष्म कणांपैकी ५३ टक्के कण त्यांच्यातून येतात. हायवेला लागून घर, शाळा किंवा टपरी असलेल्यांच्या फुप्फुसात जाणारी हवा या ३ टक्के गाड्या ठरवतात. म्हणून त्यांची चाचणी कशी होते आणि कुठे फसते, हे समजून घेऊया.

दिसणारा धूर, न दिसणारा धूर

डिझेल इंजिनातून मुख्यतः दोन त्रासदायक गोष्टी बाहेर पडतात. पहिली म्हणजे काजळीचे कण. काळा धूर म्हणतो तो हाच. दुसरी म्हणजे नायट्रोजनची ऑक्साइडं, तांत्रिक भाषेत ‘नॉक्स’. इंजिनात तापमान खूप वाढलं की हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नॉक्स तयार होतो. सायलेन्सरमधून निघताना तो सहसा डोळ्यांना दिसत नाही. पण त्याने श्वसनाचे त्रास वाढतात, उन्हात त्यापासून ओझोन तयार होतो आणि हवेत गेल्यावर त्यातून नवे सूक्ष्म कणही बनतात.

१ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ लागू झालं. आपण बीएस-५ वगळून थेट बीएस-६ वर उडी मारली. मोठ्या ट्रकसाठी बीएस-४ मध्ये नॉक्सची मर्यादा ३.५ ग्रॅम प्रति किलोवॅट-तास होती. बीएस-६ मध्ये ती ०.४६ वर आली, म्हणजे साधारण सातवा-आठवा हिस्सा. त्यासाठी ट्रकमध्ये दोन गोष्टी आल्या: काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, आणि नॉक्स मारणारी एससीआर यंत्रणा. एससीआरला लागतं डीईएफ. ड्रायव्हर मंडळी ज्याला सरळ ‘युरिया’ म्हणतात ते हेच: ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध केलेलं पाणी. डिझेलच्या टाकीशेजारी त्याची वेगळी टाकी असते. हे पाणी गरम सायलेन्सरमध्ये फवारलं जातं, त्यातून अमोनिया तयार होतो आणि तो नॉक्सचं पुन्हा साध्या नायट्रोजन आणि पाण्यात रूपांतर करतो.

पीयूसीमध्ये नक्की काय मोजतात?

डिझेल गाडीची पीयूसी करताना गाडी न्यूट्रलमध्ये ठेवतात, सायलेन्सरमध्ये नळी घालतात आणि अ‍ॅक्सिलरेटर काही वेळा जोरात दाबतात. मशीन धुरातून प्रकाशाचा किरण पाठवतं आणि तो किती अडला हे मोजतं. म्हणजे मोजतात फक्त धुराचा दाटपणा. जुन्या गाड्यांसाठी मर्यादा २.४५, बीएस-४ साठी १.६२ आणि बीएस-६ साठी ०.७ आहे.

या सगळ्यात नॉक्स कुठेच नाही. गाडी उभी आहे, तिच्यावर माल नाही, चढ नाही. काळा धूर ओकणारा ट्रक पकडायला ही चाचणी ठीक आहे. तिचा जन्मच त्यासाठी झाला. पण बीएस-६ ट्रकमधला सगळ्यात महागडा आणि महत्त्वाचा भाग, म्हणजे एससीआर, चालू आहे की बंद, हे या चाचणीत दिसतच नाही. डीईएफची टाकी कोरडी ठणठणीत असली तरी धुराच्या आकड्यात फरक पडणार नाही.

विक्रीआधीची परीक्षा आणि तिथली कॉपी

मग नॉक्स कुठे मोजतात? नवं इंजिन बाजारात येण्याआधी. पुण्याची एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट यांसारख्या संस्थांच्या लॅबमध्ये इंजिन बेंचवर बसवून ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे पळवतात. शहर, हायवे, वेग कमी-जास्त, सगळ्याची नक्कल होते.

अडचण अशी की पेपर आधीच माहीत असेल तर कॉपी सोपी होते. १९९८ मध्ये अमेरिकेत हेच उघड झालं. कॅटरपिलर, कमिन्स, डेट्रॉइट डिझेल, मॅक, नॅव्हिस्टार, रेनॉ आणि व्होल्वो या सात इंजिन कंपन्यांवर सरकारने आरोप ठेवला की त्यांच्या इंजिनांचं सॉफ्टवेअर लॅबच्या चाचणीत नीट वागतं, पण ट्रक हायवेवर एकसारख्या वेगाने धावू लागला की डिझेल वाचवणाऱ्या मोडमध्ये जातं आणि नॉक्स वाढतो. सुमारे १३ लाख इंजिनांचा हा मामला होता. कंपन्यांनी ८.३४ कोटी डॉलर दंड भरून तडजोड केली.

या तडजोडीत एक अट होती: ट्रक रस्त्यावर चालताना प्रदूषण मोजण्याची पद्धत विकसित करा. ते काम वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात झालं. अशा यंत्राला आज पेम्स म्हणतात. गाडीवरच बसवायची छोटी प्रयोगशाळा समजा. पुढे याच विद्यापीठाच्या टीमने पेम्स लावून फोक्सवॅगनच्या डिझेल कार रस्त्यावर पळवल्या आणि २०१५ मध्ये जगभर गाजलेला ‘डिझेलगेट’ घोटाळा उघडा पडला. त्या टीममध्ये हेमंत कप्पण्णा हे भारतीय इंजिनिअरही होते.

तरी कॉपी थांबली का? नाही. टोयोटाच्या ट्रक कंपनीने, हिनोने, २०२२ मध्ये मान्य केलं की इंजिनांच्या चाचणीचे आकडे खोटे होते. अमेरिकेतल्या खटल्यात समोर आलं की काही वेळा चाचणी न करताच आकडे लिहिले गेले. २०१० ते २०२२ या काळातल्या १ लाख ५ हजारांहून जास्त इंजिनांसाठी जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने १.६ अब्ज डॉलरहून मोठी तडजोड केली. इथे सॉफ्टवेअरची चलाखीसुद्धा नव्हती, सरळ कागदावरचा खोटेपणा होता.

भारतात एप्रिल २०२३ पासून बीएस-६ चा दुसरा टप्पा सुरू झाला आणि रस्त्यावरची पेम्स चाचणी बंधनकारक झाली. हे मोठं पाऊल आहे. पण त्यातही एक मेख आहे.

थंड सायलेन्सरची अडचण

एससीआरला काम करायला उष्णता लागते. सायलेन्सरमधला धूर साधारण २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापला नाही, तर डीईएफ फवारून उपयोग नसतो. भरलेला ट्रक घाट चढताना इंजिनावर जोर असतो, सायलेन्सर तापलेला असतो, एससीआर जोरात काम करतं. तोच ट्रक बंदराबाहेरच्या किंवा टोलच्या रांगेत तासभर इंच-इंच सरकत असेल तर सायलेन्सर थंड पडतो आणि नॉक्स तसाच बाहेर येतो.

युरोपच्या ज्या पद्धतीवरून आपले नियम बेतले आहेत, तिच्या सुरुवातीच्या नियमांत इंजिनाची ताकद २० टक्क्यांहून कमी वापरली गेली तो वेळ हिशोबातून वगळला जायचा. नंतर ही मर्यादा १० टक्क्यांवर आणली. म्हणजे ट्रक जिथे रखडतो, तिथलं प्रदूषण चाचणीत सर्वात कमी मोजलं जातं. आणि ट्रक रखडतो तिथेच माणसं राहतात.

शोरूममधून बाहेर पडल्यावर

आता सर्वात मोठी फट. ट्रक रस्त्यावर दहा-पंधरा वर्षं धावतो. डीईएफ संपलं किंवा एससीआर बिघडलं की गाडीचा कंप्युटर आधी दिवा लावतो आणि तरीही दुर्लक्ष केलं तर इंजिनाची ताकद कमी करतो. हे टाळायला बाजारात एक छोटी डबी मिळते, एम्युलेटर नावाची. ती गाडीच्या कंप्युटरला खोटे सिग्नल देते: टाकी भरलेली आहे, सगळं ठीक चाललंय. दुसरा मार्ग म्हणजे सॉफ्टवेअरच बदलून घेणं. ‘डीपीएफ डिलीट’ असं सर्च केलंत तर व्हिडिओंची रांग लागेल.

हे किती पसरू शकतं? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, २०२० मध्ये अंदाज दिला की २००९ ते २०१९ या काळात तिथल्या साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअप ट्रकमधली यंत्रणा काढून टाकली गेली. त्या वर्गातल्या साधारण १५ टक्के गाड्या. आणि हे तिथे, जिथे कायदा कडक आहे.

आपल्याकडे अशी छेडछाड पकडायचं रोजचं साधन एकच, पीयूसी. त्या पीयूसीची अवस्था कॅगने दाखवली. १ एप्रिल २०२५ रोजी दिल्ली विधानसभेत मांडलेल्या अहवालात २०१५ ते २०२० मधल्या २२.१४ लाख डिझेल वाहनांच्या तपासणीचा हिशोब आहे. त्यातल्या २४ टक्के वाहनांच्या चाचणीचे आकडेच नोंदवलेले नव्हते. ४,००७ वाहनांचे आकडे मर्यादेच्या वर असूनही ती पास झाली. ७६,८६५ वेळा तर तपासणी आणि सर्टिफिकेट दोन्ही एका मिनिटात उरकलं होतं. दिल्लीची ही गोष्ट, जिथे हवेवरून दर हिवाळ्यात सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण जातं.

मग उपाय काय?

पहिला उपाय ट्रकमध्येच आहे. बीएस-६ ट्रकला ओबीडी असतं, म्हणजे स्वतःच्या तब्येतीवर लक्ष ठेवणारा कंप्युटर. कॅलिफोर्नियाने याचाच वापर केला. तिथे सुमारे ६,३५० किलोंपेक्षा जड ट्रकसाठी ‘क्लीन ट्रक चेक’ नावाचा नियम आहे. नव्या ट्रकच्या ओबीडीला स्कॅनर जोडून माहिती थेट सरकारी यंत्रणेकडे पाठवायची, वर्षातून दोनदा. बाहेरच्या राज्यातून आलेला ट्रकही सुटत नाही. स्कॅनर जोडल्यावर कंप्युटरने लपवलेल्या आणि पुसलेल्या खुणाही बऱ्याचदा सापडतात.

दुसरा उपाय रस्त्याकडेला. रिमोट सेन्सिंगमध्ये रस्त्यावरून प्रकाशाचा किरण सोडतात आणि गाडी जाता जाता तिचा धूर मोजतात, नॉक्ससकट. गाडी थांबवायची गरज नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिल्ली आणि गुरुग्राममध्ये १ लाखाहून जास्त वाहनं अशी मोजली. बीएस-६ बसचा नॉक्स बीएस-४ बसच्या तुलनेत जवळपास ९५ टक्के कमी दिसला. म्हणजे तंत्रज्ञान खरंच काम करतं. पण त्याच अभ्यासात ‘स्वच्छ’ मानल्या जाणाऱ्या सीएनजीवरच्या काही मालवाहू गाड्या लॅबमधल्या मर्यादेच्या १४ पटींपर्यंत नॉक्स सोडताना सापडल्या. पीयूसीने हे कधीच दाखवलं नसतं.

या दोन्ही उपायांत नवं काही शोधायचं नाही. ओबीडी गाडीत आहे, त्यासाठी आपण गाडीच्या किमतीत पैसे मोजलेत. फक्त पीयूसीच्या वेळी ते कुणी वाचत नाही.

ट्रक मालकाच्या बाजूने बघितलं तर

सगळा दोष मालकावर ढकलणं सोपं आहे, पण बरोबर नाही. आपल्याकडे बहुतांश ट्रक मोजक्याच गाड्या असलेल्या छोट्या मालकांचे आहेत. डिझेल, टोल, टायर, हप्ता यांत डीईएफचा खर्च वाढला. भेसळीचं डीईएफ टाकलं गेलं तर एससीआरचे भाग खराब होतात आणि दुरुस्तीचं बिल मोठं असतं. शेजारचा मालक डबी बसवून भाडं कमी लावत असेल, तर नियम पाळणारा धंद्यात मागे पडतो. म्हणजे आजची चाचणी प्रामाणिक माणसालाच शिक्षा देते. नॉक्स खरंच मोजला जाऊ लागला, तर सर्वात जास्त फायदा याच माणसाचा होईल.

तुम्ही काय करू शकता?

कोणत्याही गाडीची पीयूसी वैध आहे की नाही, हे परिवहनच्या वेबसाइटवर बघता येतं. २०२१ पासून देशभर एकाच नमुन्याचं, क्यूआर कोड असलेलं सर्टिफिकेट मिळतं. घरची गाडी पीयूसीला नेली की मशीनचा आकडा स्वतः बघा, नुसता शिक्का नको. वैध पीयूसी नसेल तर १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हेही लक्षात ठेवा. घरात ट्रक किंवा टेम्पोचा धंदा असेल तर ‘डिलीट’चा स्वस्त सल्ला देणाऱ्याला एक प्रश्न विचारा: उद्या पासिंगच्या वेळी ओबीडी वाचायला लागले, तर हे परत बसवायचा खर्च कोण देणार?

आणि पुढच्या वेळी ‘नवे कडक नियम येणार’ अशी बातमी वाचाल, तेव्हा मर्यादेचा आकडा शेवटी बघा. आधी बघा की तो आकडा मोजणार कोण, कुठे आणि गाडी किती वर्षांची झाल्यावर. बीएस-६ ने आकडा खाली आणलाय. आता तो रस्त्यावर मोजायचं काम बाकी आहे.